अस्वलापासून कचरा वाचवणारा डबा, ८ महिने वापरून झाल्यावर

डबा आणला तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं थंडीच्या आधीचा सीझन जाऊ दे, खरी परीक्षा तेव्हाच. त्या दिवसांत काळं अस्वल चरबी साठवायला दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं, सारखं खायच्याच मागे असतं, त्यात आपला कचरा म्हणजे आयतं ताट.

डबा दणकट आहे, वादच नाही. लॅच आत खाचेत आहे, बोटं घालून दाबलं की सुटतं, पंजा तिथे शिरत नाही. घेताना आयजीबीसीचं (अमेरिकेतली अस्वलांसाठीची सरकारी समिती) सर्टिफिकेट तेवढं बघा, त्यांच्या टेस्टला आत खाणं भरून डबा मोंटानातल्या केंद्रात खऱ्या अस्वलांपुढे टाकतात आणि ६० मिनिटं टिकला तरच पास करतात.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री धाडधाड आवाज आला. सकाळी बघतो तर डबा गडगडत पार कुंपणापाशी गेलेला, झाकणावर चार लांब ओरखडे, बिजागरीत काळे राठ केस अडकलेले, आणि आतल्या पिशवीची गाठ जशीच्या तशी! तिथेच पैसे वसूल झाले.

पण नंतर एकदा पिशवी जास्त भरली, झाकण बोटभर वर राहिलं, लॅचचा टक् आवाज झालाच नाही आणि कोणी बघितलंही नाही. अंगणभर कचरा. त्याचं फार वाईट वाटलं, कारण एकदा खायला मिळालं की अस्वल ती जागा विसरत नाही, पुढच्या चार रात्री ते येतच होतं. असं माणसांच्या घरांना सोकावलेलं अस्वल बहुतेकदा शेवटी बंदुकीच्या गोळीने मरतं हो, म्हणून आता टक् ऐकल्याशिवाय कोणीच डब्यापासून हलत नाही.

नुसत्या डब्याने भागतही नाही. पक्ष्यांसाठी दाणे टांगले होते, त्याचा लोखंडी पाइप अस्वलाने पार वाकवून ठेवला. सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांत किलोला साधारण ५,८०० कॅलरी असतात मग ते का सोडेल, आता दाणे फक्त हिवाळ्यात, अस्वलं गुहेत झोपलेली असतात तेव्हाच. ग्रिलखालचा तेलकट ट्रे, कुत्र्याचं भांडं, झाडाखाली पडलेली फळं रोज संध्याकाळी उचलतो, गाडीत बिस्किटाचा पुडासुद्धा ठेवत नाही. मांस-मासळीचं उरलंसुरलं फ्रीझरमध्ये, ते कचऱ्याची गाडी यायच्या सकाळीच बाहेर.

कोंबड्यांच्या खुराड्याला करंटचं कुंपण केलंय, ६,००० व्होल्टच्या वर पाहिजे. गवत वाढून तारेला टेकलं की करंट उतरतो, माती सुकली की अर्थिंग नीट मिळत नाही, त्यामुळे आठवड्याला टेस्टर लावून बघावंच लागतं.

डब्याची तक्रार एकच, कडाक्याच्या थंडीत लॅचमध्ये पाणी गोठतं आणि झाकण लागल्यासारखं दिसतं पण लागलेलं नसतं. त्या दिवसांत हाताने झाकण वर ओढून बघा आणि मगच आत जा.