चार अक्षरांची पर्सनॅलिटी टेस्ट, द्यावी का?

कॉलेजात सगळेच देतायत म्हणून मीपण ती सोळा टाइपवाली फ्री टेस्ट दिली, जिचा रिझल्ट चार अक्षरांत येतो, एकेक अक्षर म्हणजे स्वभावाची एकेक बाजू, आणि प्रश्न खरंच आवडले, कारण लोकांत राहून तुम्ही थकता का असं आपल्याला एरवी कोण विचारतं? पण रिझल्टमध्ये इंट्रोव्हर्ट 52 टक्के, म्हणजे जेमतेम काठावर, तरी शिक्का मात्र पक्का इंट्रोव्हर्टचा. कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या थिअरीवरून ही पद्धत बनवली, आणि अडचण हीच की माणूस एकतर इकडे नाहीतर तिकडे. काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. त्यापेक्षा स्वभावाचे पाच गुण मोजणारी बिग फाइव्ह टेस्ट बरी, तिथे शिक्का नाही, पट्टीवर तुम्ही कुठे आहात तेवढं कळतं.

काळजी वाटते ती नुकतीच शाळा संपवलेल्या मुलांची. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये आयडेंटिटीच्या, म्हणजे आपण कोण हे ठरण्याच्या, चार अवस्था मांडल्या, त्यातली एक फोरक्लोजर, म्हणजे स्वतः काही न शोधता आयती ओळख घेऊन टाकायची. पूर्वी ती घरचे द्यायचे, आता वेबसाइट देते, एवढाच फरक.

तरी द्या, फक्त रिझल्टमधलं एकेक वाक्य वहीत उतरवून ते कधी खरं होतं आणि कधी नव्हतं ते लिहा. "तुम्ही गर्दी टाळता" यापुढे मी लिहिलं, नाटकाच्या तालमीला एवढी माणसं असतात तरी निघावंसं वाटत नाही. टेस्टपेक्षा हे लिहिताना जास्त कळलं राव!

पाचपैकी तीन स्टार. करिअर मात्र यावरून अजिबात ठरवू नका.