टिक्का टी३एक्स लाइट (.३०८): सर्व कामांसाठी एकच रायफल

रेंजवरचा सराव, जंगलातली शिकार आणि तीनशे मीटरपर्यंतचा नेम हे सगळं एकाच रायफलीकडून करून घ्यायचं, तर फिनलंडमध्ये साकोच्या कारखान्यात बनणारी .३०८ काडतुसाची टिक्का टी३एक्स लाइट हा उत्तम पाया आहे. पायाच, कारण हिच्यावर नेमाची साधनं येत नाहीत. स्कोप (नेमाची दुर्बीण), तो धरून ठेवणाऱ्या रिंगा, पट्टा सगळं आपणच जमवायचं, आणि चांगल्या रायफलीचा खेळखंडोबा तिथेच होतो.

मूळ वजन २.९ किलोच्या आसपास. सगळं चढवून ते पावणेचार किलोच्या आत ठेवा. ३-९×४० स्कोप (तीन ते नऊ पट झूम, ४० मिमी भिंग) पुरतो. ५० मिमी भिंगाचा हट्ट केला की उंच रिंगा लागतात, गाल दस्त्यावर (रायफलीच्या धरायच्या सांगाड्यावर) टेकत नाही आणि प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी येतो.

स्कोप बसवण्याआधी मॅगझिन आणि बोल्ट काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री करा. रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागावर) १७ मिमीची खाच मुळातच कोरलेली आहे, त्यामुळे तिच्या मापाच्या रिंगा थेट बसतात. मध्ये वेगळी पट्टी नको. एक सांधा कमी म्हणजे सैल होणारी एक जागा कमी. डोळ्याचं स्कोपपासूनचं अंतर सर्वांत मोठ्या झूमवर ठरवा, आणि नुसतं उभ्यानेच नव्हे तर पालथं झोपूनही बघा. झोपल्यावर डोकं पुढे सरकतं; अंतर कमी ठेवलंत तर स्कोपची कडा भुवईवर आदळते. रिंगांचे स्क्रू आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळत सुमारे २ न्यूटन-मीटरपर्यंत न्या. त्यांना थ्रेड-लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) नको: ओला असताना तो वंगणासारखा वागतो आणि तेवढ्याच आवळण्याने स्कोपची नळी चेपते.

दस्ता काढून परत लावताना खरी काळजी घ्यायची. धक्का झेलणारा लग (धातूचा अडसर) हिच्यात दस्त्यात बसतो, रिसीव्हरला जोडलेला नसतो. नळीचं तोंड वर करून रायफल उभी धरा, रिसीव्हर मागे टेकू द्या, मग आधी दस्त्याचा पुढचा स्क्रू आवळा. गोळ्या अचानक दोन वेगवेगळ्या पुंजक्यांत पडायला लागल्या, तर स्कोपला दोष देण्याआधी हे स्क्रू तपासा.

झिरो करताना, म्हणजे ठरावीक अंतरावर गोळी नेमक्या नेमावर पडेल असा स्कोप जुळवताना, सुरुवात २५ मीटरवर. १०० मीटरचा झिरो हवा असेल तर इथे गोळी नेमाच्या दीड-दोन सेंटिमीटर खाली पडायला हवी. स्कोपच्या पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने १०० मीटरवर सुमारे ७ मिमी फरक पडतो, २५ वर जेमतेम २ मिमी. नळी बारीक आहे, लवकर तापते. तीन गोळ्या झाडा, गार होऊ द्या, मग पुढच्या तीन. १५० ग्रेन (सुमारे ९.७ ग्रॅम) वजनाच्या गोळीच्या काडतुसाला २०० मीटरचा झिरो सोयीचा: १०० वर साधारण सहा सेंटिमीटर वर, ३०० वर पंचवीसच्या आसपास खाली.

बोल्ट लोण्यासारखा सरकतो, ७० अंशांतच उघडतो, आणि ट्रिगर साधारण एक ते दोन किलोंमध्ये जुळवता येतो. या दोन गोष्टींत या वर्गात हिला तोड नाही. उणिवाही आहेत. प्लॅस्टिकच्या मॅगझिनमध्ये तीनच काडतुसं मावतात. पुढचा दस्ता लवचीक आहे; पट्टा ताणून किंवा बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या आधारावर) भार टाकून तो नळीला टेकला की नेम हलतो. तसाच भार देऊन नळीखालून कागद सरकवून बघा. अडकला, तर बायपॉडऐवजी वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडा.