सातवाहन, वाकाटक की राष्ट्रकूट: इतिहासाचा छंद कुठून सुरू करावा?

किल्ले पाहून झाले, शिवकाल आणि पेशवाई वाचून झाली, आता त्याच्याही मागे जायचंय, असं कुणी म्हणालं की मी तीन नावं सुचवतो: सातवाहन, वाकाटक आणि राष्ट्रकूट. तिघांनीही आजच्या महाराष्ट्रावर राज्य केलं आणि तिघांनाही शाळेच्या पुस्तकात जेमतेम एखादा धडा मिळतो. यादवांना मी मुद्दाम वगळलंय, कारण ज्ञानेश्वर आणि देवगिरीमुळे त्यांची ओळख असतेच. या तिघांत मोठा कोण, यावर खल करत बसू नये. छंद टिकतो तो हाताला काय लागतं यावर, आणि तिथे तिघांत बराच फरक आहे.

चालायची आवड असेल तर सातवाहन. जुन्नरहून नाणेघाटाच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. कोकणातून यायचं तर वैशाखऱ्याच्या बाजूने चढायचं. घाटातल्या लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दिली, याची ती यादी आहे. भारतातले सर्वांत जुने अंक जिथे पाहायला मिळतात त्या मोजक्या जागांपैकी ही एक. मागच्या भिंतीत सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आणि खाली पायांचे अवशेष उरलेत. वाटेवरच्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकत, अशी आख्यायिका आहे.

दुसरी जागा नाशिकची पांडवलेणी. तिथल्या दहाव्या लेण्यात क्षहरात वंशातला शक राजा (क्षत्रप) नहपान याचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. त्याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात ती आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘खखरात’ (म्हणजे क्षहरात) वंश निःशेष करणारा म्हणते. हरलेला आणि जिंकलेला, दोघांचंही म्हणणं एका सकाळी दगडावर वाचता येतं. आणि तिसरा साक्षीदार नाणी: 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. लढाईचा निकाल इतका लख्ख दाखवणारा पुरावा मला दुसरा आठवत नाही. नाणी मात्र संग्रहालयातच पाहावीत. बाजारात खोटी फार.

सातवाहनांची अडचण कालक्रमाची. पुराणांच्या याद्या आपसात जुळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या राज्याचा आरंभ कुणी इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात धरतो, कुणी पहिल्या. पक्की सनावळी हवी असणाऱ्याला याचा त्रास होईल. मला मात्र याच वादात रमायला आवडतं.

वाकाटक वाचणाऱ्याचे. भटकंती कमी, ताम्रपट जास्त. त्यांची अक्षरं डोक्यावर चौकोनी पेटी असलेली, म्हणून पेटिकाशीर्षक; ती सातवाहनकालीन ब्राह्मीपेक्षा उशिरा सरावाची होतात. मराठी वाचकाचं एक भाग्य असं की या घराण्यावर वा. वि. मिराशींनी मराठीत भरपूर लिहून ठेवलंय. आणि प्रभावतीगुप्ता! दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, नवरा रुद्रसेन वारल्यावर लहान मुलांच्या वतीने राज्य चालवणारी. तिच्या ताम्रपटांत आधी माहेरच्या गुप्तांची वंशावळ येते, गोत्रही ती वडिलांचंच सांगते. तिच्या शाखेची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. शेजारी मनसर आणि रामटेकची नरसिंह मंदिरं. दुसरी शाखा वत्सगुल्मची, म्हणजे वाशिमची. तिचा राजा हरिषेण, आणि त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. नागपूर-विदर्भात राहत असाल तर दुसरीकडे पाहूच नका. पुण्या-मुंबईकराला मात्र अजिंठा सोडता प्रत्येक जागा लांब पडते.

राष्ट्रकूटांचं वेरूळचं कैलास लेणं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, ते कोणाचं हे थोड्यांनाच सांगता येतं. इसवी 753 च्या सुमारास दंतिदुर्गाने चालुक्यांना हरवलं, कैलास त्याच्यानंतरच्या पहिल्या कृष्णाच्या काळातला. तिसरा गोविंद उत्तरेत कनौजच्या राजकारणापर्यंत पोचला. 851 च्या सुमाराच्या अरबी वृत्तांतात इथल्या राजाला ‘बल्हरा’ म्हणून जगातल्या चार मोठ्या राजांत बसवलंय. पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेल्या 926 च्या ताम्रपटात तर राष्ट्रकूटांनी संजाणवर नेमलेला अरब अधिकारी मधुमती (हे मुहम्मदचं संस्कृत रूप) एका देवीच्या मठाला दान देतो. असं काही वाचलं की दहाव्या शतकातला कोकणकिनारा वेगळाच दिसू लागतो.

पण हा छंद मेहनतीचा आहे. राजधानी मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, असंख्य लेख कन्नडात, आणि राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारातला ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथही कन्नडच. हे आपलं घराणं की त्यांचं, या भांडणात पडायचं नसेल आणि थोडं कन्नड शिकायची तयारी असेल, तर तिघांत सर्वांत विस्तीर्ण जग इथेच आहे.

नवख्याला माझं सांगणं सातवाहनांचंच. ब्राह्मीची मुळाक्षरं गिरवा, मग नाशिकला जा आणि बलश्रीच्या लेखातलं एखादं नाव स्वतः ओळखून काढा. पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी नाणेघाट टाळा. गर्दीत लेख नीट पाहता येत नाही. घरात वाचनालाच जास्त वेळ मिळत असेल तर वाकाटकांपासून सुरू करायला हरकत नाही. आणि अजिंठा-वेरूळ एकत्र करणार असाल तर दिवस बघून निघा: अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी.