लोखंडी कपाट, सुताराचा वॉर्डरोब की फॅक्टरीचा रेडीमेड : कोणाला काय घ्यावं

भाड्याच्या घरात राहत असाल तर फार डोकं लावू नका, सरळ लोखंडी कपाट घ्या. हे आधीच सांगतोय कारण बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच मिटतो. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, दर दोन-तीन वर्षांनी बोचकी बांधायची, अशात सुताराकडून भिंतभर वॉर्डरोब करून घेतला तर तो शेवटी घरमालकालाच आंदण जातो, आणि पार्टिकल बोर्डचा रेडीमेड घेतला तर पहिल्याच शिफ्टिंगला खोलून परत जोडताना स्क्रू धरत नाहीत, कारण आत लाकडाचा चुरा गोंदात दाबलेला असतो, एकदा भोक सैल झालं की ते सैलच राहतं. लोखंडी कपाट टेम्पोत चढतं, उतरतं, एखाददुसरा पोचा पडतो, चालतंय की. गोदरेजनं १९२३ मध्ये लोखंडी कपाटं बनवायला घेतली, आणि आजीच्या लग्नातलं कपाट नातसुनेच्या खोलीत अजून उभं असलेली घरं आजही सापडतात. फक्त लोकल दुकानातून घेताना गेज विचारा. आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी, २४ गेज जेमतेम अर्ध्या मिमीच्या वर. दारावर अंगठा दाबून बघायचा, पत्रा टबकन आत गेला तर पुढच्या दुकानात चला.

स्वतःचं घर असेल तर मात्र नीट तुलना करावी लागते, आणि ती लोक दारापासून सुरू करतात, ग्लॉसी का मॅट, आरसा हवा का नको. खरं तर आधी हे ठरवा की तुमच्या घरात कपडे टांगतात जास्त का घड्या घालून ठेवतात जास्त. हँगरला लावलेला शर्ट आडवा २१-२२ इंच जागा मागतो. लोखंडी कपाट आतून साधारण १८-१९ इंच खोल, म्हणजे हँगर तिरके राहतात आणि दार लावताना बाही अडकते. सुतार किंवा फॅक्टरीवाला २४ इंच डेप्थ देतो, तिथे कोट, कुर्ते, अनारकली सगळं सरळ बसतं. पण घडीच्या कपड्यांना २४ इंच उलट त्रासाचं, पुढे एक थप्पी, मागे एक थप्पी, आणि मागची थप्पी दिवाळीच्या साफसफाईलाच दिसते. ज्यांच्याकडे साड्याच साड्या आहेत आणि त्या घडी करून, कव्हरमध्ये ठेवायची सवय आहे त्यांना लोखंडी कपाटच सोयीचं, वर लॉकरही येतं. (डांबराच्या गोळ्या पैठणीच्या जरीवर थेट टाकू नका, फडक्यात बांधून कोपऱ्यात.)

आता स्लायडिंगचं बघू. जागा वाचते म्हणून सगळे स्लायडिंग मागतात, पण दोन दारं एकापुढे एक सरकतात, ट्रॅकला दोन-तीन इंच जास्त जातात, म्हणजे डेप्थ २६-२७ इंच धरावी लागते. १० बाय १० ची बेडरूम घ्या, १२० इंच. वॉर्डरोब २४, समोर बेडची लांबी ७८, उरले १८. यात दीड-पावणेदोन फुटाचं दार उघडून समोर उभं राहणं विसरा. स्लायडिंग केलं तर चालायला १५ इंचच राहतात, पण दार तरी उघडतं. तोच बेड फिरवून रुंदीच्या बाजूने लावला, समजा ५ फुटी आहे, तर ३६ इंच मोकळे होतात आणि साधी उघडी दारंही छान चालतात, आणि त्यात पूर्ण कपाट एका वेळी दिसतं, स्लायडिंगमध्ये कायम अर्धंच दिसतं. म्हणजे बेड फिरवायला पैसे लागत नाहीत पण ट्रॅक आणि रोलरला लागतात, हे डिझाइनर आपणहून सांगेलच असं नाही.

मग ओल. मुंबई-ठाणे-कोकणात पाऊस नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत जास्त मार खाते. त्या भिंतीला चिकटून कुठलंच कपाट नको, आणि दुसरा इलाजच नसेल तर मागे दोन इंच हवा खेळायला सोडा. पार्टिकल बोर्ड पाण्यानं फुगला की परत बसत नाही, विषय संपला. प्लायवूडमध्ये दुकानदार ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणतो त्याच्यावर न जाता शीटवरचा शिक्का वाचा. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, आणि आयएस ७१० असेल तर तो बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारा, यालाच मरीन म्हणतात. सगळा वॉर्डरोब मरीनचा करायची गरज नाही, पण बाथरूमला लागून भिंत असेल तर खालचा भाग आणि पाठ तरी करा. वाळवीचं ट्रीटमेंट आधी, फर्निचर नंतर. लोखंडाला वाळवी नाही पण समुद्राजवळ गंज आहे, पायापासून सुरू होतो, म्हणून खाली रबरी बूट लावा आणि लादी पुसताना पाणी साचू देऊ नका. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत यातलं बरंचसं टेन्शन कमी.

सुतार आणि फॅक्टरी यात मी सुताराकडे झुकतो, पण एका अटीवर, की तुम्ही घरात हजर राहू शकता. महिनाभर भुसा, फेव्हिकॉलचा वास, मशीनचा आवाज, आणि मध्येच सुतार गावाला जातो. फॅक्टरीच्या मालाच्या कडा मशीननं सील होतात, फिटिंग दोन-चार दिवसांत उरकतं, फिनिशिंगही सुताराच्या हातापेक्षा बहुतेक वेळा सरस. पण वाकडी भिंत, मध्येच आलेला बीम, खिडकीखालचा विचित्र कोपरा, तिथे सुतारच पाहिजे. मुलांच्या खोलीला मात्र स्वस्त रेडीमेड घ्यायला माझी हरकत नाही, दहावीनंतर ते सगळं बदलणारच असतं.

कोटेशन वाचताना जपून. रेट समोरच्या चौरस फुटावर असतो. ७ बाय ७ चा वॉर्डरोब म्हणजे ४९ फूट, समजा १५०० रुपये फूट सांगितला तर ७३,५००. यात लॉफ्ट आहे का, ड्रॉवर किती, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या धरल्यात का, आतल्या बाजूला लॅमिनेट आहे का नुसता रंग, हे लिहून घ्या. मटेरियल तुम्ही आणणार असाल तर एवढ्या वॉर्डरोबला ८ बाय ४ च्या १८ मिमी शीट साधारण सहा लागतात, पाठीला ६ मिमीच्या दोन. दहा सांगितल्या तर कुठे लागणार ते विचारा, भांडण नाही, नुसतं विचारा.

आतल्या मांडणीत एकच गोष्ट फार महत्त्वाची, फळी अडीच फुटापेक्षा लांब आधाराशिवाय नको, साड्यांच्या किंवा पुस्तकांच्या वजनानं ती मधे वाकते, पार्टिकल बोर्डची तर नक्कीच. ड्रॉवर दोन-तीन पुरे, ते सगळ्यात महाग पडतात. पाहुण्यांच्या गाद्या-गोधड्या बॉक्स बेडमध्ये, गणपतीचं मखर आणि कंदील लॉफ्टवर, रोजचं सगळं गुडघा ते खांदा या उंचीत.

आणि लोखंडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी लिफ्ट आणि जिन्याचं वळण मोजा. साडेसहा फुटी कपाट लहान लिफ्टमध्ये उभं जात नाही, मग हमाल मजल्यामागे वेगळे पैसे मागतात. तिसऱ्या मजल्याच्या वर राहत असाल तर सुटं करून आत जोडता येणारं मॉडेल आहे का ते दुकानातच विचारून घ्या.