आठ महिने दारूमुक्तीच्या गटात: बाकी ठीक, पण बोर्ड लावा राव!

मागच्या बुधवारी गटाच्या बैठकीच्या खिडकीतून पाहिलं. हेल्मेट न काढलेला एक माणूस आमच्या गेटासमोरून दोनदा गेला, टपरीपाशी थांबला, मोबाईल पाहिला, वर बघितलं आणि गाडीला किक मारून गेला. मी जिना उतरेपर्यंत गल्ली मोकळी. तो आमच्याकडेच आला होता याची मला खात्री आहे, कारण आठ महिन्यांपूर्वी मीही सलग तीन बुधवार असाच परत गेलो होतो. डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, काय असतं ते सांगत बसत नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला सुरू झालं, आपल्याकडे १९५७ पासून आहे, दारू सोडायच्या बारा पायऱ्या, फी नाही. एवढं पुरे.

तिथवर पोचायचं कसं, हीच खरी कटकट. माझा पहिला फोन लागला एका खासगी केंद्राला. तीन महिन्यांचे पैसे आधी भरा म्हणाले, आणि पेशंट तयार नसेल तर आमची गाडी येऊन उचलून नेते. म्हटलं, पेशंटच बोलतोय. पलीकडून फोन कट. वडिलांचं म्हणणं, माळ घाल, आपोआप सुटेल. ती दोनदा घातली होती. क्वार्टर उघडण्याआधी खुंटीला अडकवायची आणि सकाळी आंघोळ करून परत गळ्यात, इथवर मजल गेली होती माझी.

शेवटी डॉक्टरांनी गटाचा नंबर दिला, पण त्याआधी आठवडाभर औषधं दिली. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेतू शकतं. गटात डॉक्टर नसतो. हाताला कंप असेल तर आधी दवाखाना, मग बैठक.

मी राहतो नाशिकच्या सिडकोत. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम पंचवटीतला गट निवडला. द्वारका चौकाचं ट्रॅफिक पार करत, पेट्रोल जाळत गेलो, तर पहिल्याच दिवशी समोर आमच्याच कंपनीतला स्टोअरवाला. त्याने नुसती मान हलवली आणि सरकून जागा दिली.

आता बोर्डाचं. निमाणी बस स्टँडपासून आत वळलं की एका शाळेच्या वरच्या वर्गात बैठक असते. खाली काहीही लिहिलेलं नाही. वाटेत वाइन शॉपचे दिवे कुठूनही दिसतात. आपलं नाशिक तर वाइनची राजधानी. आणि जो पिणं सोडायला निघालाय, त्याने मात्र टपरीवाल्याला विचारायचं! मी हे गटाच्या कामकाज बैठकीत मांडलं. जुने सदस्य म्हणाले, अनामिकता. मी म्हणालो, अनामिक माणसं असतात, जिना नव्हे. पाऊण तास वाद झाला. शेवटी बाणाचा एक कागद मंजूर झाला. पहिल्या पावसात गेला.

आतल्या तक्रारी दोन. बाकं चौथीच्या पोरांची, गुडघे कुठे ठेवायचे कळत नाही. आणि एक काका दर वेळी तीच गोष्ट सांगतात: पगार, पाकीट, नाला. पहिले दोन महिने मी घड्याळ बघत बसायचो. तेव्हा लिहिलं असतं तर पाचात दोन तारे दिले असते.

मग ओझरच्या लग्नात घसरलो. न पिता सत्त्याऐंशी दिवस झाले होते. नऊ दिवस पीत होतो. परत गेलो ते भाषण ऐकायच्या तयारीने. काकांनी चहा पुढे केला आणि विचारलं, "पुढच्या बुधवारी दूध कोण आणतंय?" झालं. मोजणी मात्र पुन्हा एकपासून. सत्त्याऐंशी दिवस पाण्यात गेले म्हणून मी चिडलो होतो, अजूनही थोडा चिडलेलो आहे. पण त्या दिवशी काकांच्या गोष्टीत पहिल्यांदाच नाल्याच्या पुढचं ऐकलं. पाकीट परत मिळालं होतं. त्यातल्या पैशांची ते पुन्हा प्यायले होते. हे ते दर वेळी सांगत असणार.

देवाचं विचाराल तर 'आपल्याला उमजलेला ईश्वर' एवढंच म्हणतात, माळ घाला म्हणत नाहीत. बायकोला मी ओढत नेलं नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं असतं, ती स्वतःच एकदा जाऊन आली. काय बोलली ते सांगत नाही.

हिशेब केल्याशिवाय मला झोप येत नाही. क्वार्टर आणि चकणा धरून रोजचे अडीचशे जायचे. गटात शेवटी पिशवी फिरते, मी दहाची नोट टाकतो. बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत, एएच्या ठरलेल्या परंपरांपैकी ही सातवी. पासष्ट बैठकांचे झाले साडेसहाशे. वाचलेले कुठे गेले विचारू नका, पोरीच्या क्लासवाल्याला विचारा.

पाचात साडेचार देतो. अर्धा बोर्डाचा कापला.

हेल्मेटवाले भाऊ, वाचत असाल तर येत्या बुधवारी साडेसातला मी खाली गेटापाशीच उभा असेन. हातात दुधाची पिशवी असेल, या आठवड्यात माझी पाळी आहे.