घर विकल्याचे पैसे ठेवले ते कॅपिटल गेन खातं: वर्षभर वापरल्यावर

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही आमचा फ्लॅट विकला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे विकायचा हे ठरलेलंच होतं, पण गिऱ्हाईक इतकं पटकन मिळेल असं वाटलं नव्हतं. म्हणजे नवीन घर ठरायच्या आधीच जुनं गेलं, आम्ही भाड्याच्या घरात आलो आणि खात्यात एकदम ८२ लाख. (घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापला ते ८२ हजार सोडून, ५० लाख किंवा त्यावरचं घर असलं की कापावाच लागतो, रिटर्न भरताना तो हिशोबात येतो.) एवढी रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच बघितली आणि खरं सांगते, पहिले पंधरा दिवस झोप नीट लागली नाही. कारण ते पैसे म्हणजे आमचं घरच होतं, फक्त भिंती नव्हत्या.

दुसऱ्याच आठवड्यापासून बँकेतून फोन सुरू. आमच्याकडे हा प्लॅन आहे, पाच वर्षं भरा, विमा पण आहे. मी सरळ सांगितलं की हे पैसे मला दीड-दोन वर्षांत घरासाठी लागणारेत, तरी फोन थांबले नाहीत. एका नातेवाईकांनी पतसंस्था सुचवली, दर जास्त आहे म्हणून. मी नाही म्हटलं, कारण ठेव विम्याचं पाच लाखांचं संरक्षण असतं ते बँकेतल्या ठेवींना, एका बँकेत एका माणसाला, मुद्दल आणि व्याज मिळून. सहकारी बँका त्यात येतात, पतसंस्था येत नाहीत. आणि पाच लाख म्हणजे ८२ लाखांपुढे किती ते बघा. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त हजार रुपये काढता येत होते, ते टीव्हीवरचे रडणारे चेहरे माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत. एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून घराचे पैसे तसल्या जागी ठेवायला माझं मन तयार होईना.

आता मुख्य गोष्ट, कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, म्हणजे घर विकून झालेला नफा नवीन घर होईपर्यंत ठेवायचं खातं. ही १९८८ ची योजना आहे, आणि घर विकणाऱ्या कितीतरी लोकांना ती माहीतच नसते, मलाही सीए काकांनी सांगितली तेव्हा कळली. फ्लॅट २०१६ मध्ये ३८ लाखांना घेतलेला, म्हणजे नफा ४४ लाख. नवीन नियमाने साडेबारा टक्के धरला तर साडेपाच लाख आणि वर सेस (टॅक्सवरचा जादा कर), मिळून ५ लाख ७२ हजार टॅक्स. (जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशन, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवलेली खरेदीची किंमत, धरून २० टक्क्यांचा हिशोब पण करून बघता येतो, आमच्या केसमध्ये तो थोडा महाग पडत होता. तुमचं वेगळं असू शकतं, दोन्ही मांडून घ्या.) हा टॅक्स वाचवायचा तर विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घर घ्यायचं किंवा तीन वर्षांत बांधायचं, आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेपर्यंत घर झालं नसेल तर नफ्याची रक्कम या खात्यात टाकायची. फक्त नफ्याची. सगळे ८२ लाख नाही. राहतं घर विकून घर घेणाऱ्यांना नफाच ठेवावा लागतो, म्हणजे आमचे ४४ लाख या खात्यात आणि ३८ लाख मोकळे. हे मला आधी कळलं असतं तर निम्मी काळजी तिथेच कमी झाली असती.

खात्याचे दोन प्रकार. ए म्हणजे सेव्हिंगसारखं, कधीही काढा, व्याज सेव्हिंगचं, म्हणजे मोठ्या सरकारी बँकेत तेव्हा अडीच टक्के. बी म्हणजे एफडी, व्याज बँकेच्या नेहमीच्या एफडीच्या दराने. म्हणजे बी मध्ये ठेवून तुमचं व्याजाचं नुकसान काही होत नाही, नुकसान होतं ते फेऱ्यांचं. व्याजावर टॅक्स मात्र लागतो, सूट फक्त नफ्याला आहे, हे घरात सगळ्यांना दोन-दोनदा समजावून सांगावं लागलं.

आता सर्व्हिस. जुलै २०२५ मध्ये मी एका सरकारी बँकेत गेले, जिथे आमचं वीस वर्षांचं खातं आहे, आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलं अशी स्कीम आमच्याकडे नाही. नाही म्हणजे नाहीच, आत जाऊन विचारतो पण म्हणाला नाही. मी त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत गेले, तिथल्या मॅडमना माहीत होतं पण खातं उघडायचा फॉर्म ए शोधायला दोन दिवस लागले, मग सिस्टीममध्ये प्रॉडक्ट कोड सापडेना, मग साहेब रजेवर. चार फेऱ्या झाल्या. आणि एवढं करून पावती हातात आली तर साधी एफडी! त्यावर कॅपिटल गेनचा उल्लेखच नाही. तिथे मी हटून बसले, रद्द करून नव्याने करायला लावली, कारण साध्या एफडीत ठेवलेले पैसे टॅक्सच्या हिशोबात चालत नाहीत आणि रिटर्नमध्ये जमा केल्याची तारीख, खाते नंबर, आयएफएससी सगळं टाकावं लागतं. त्या मॅडमनी मात्र मनापासून मदत केली, संध्याकाळी साडेपाचपर्यंत बसून काम पूर्ण केलं, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण माझ्यासारखी हटून न बसणारी किती माणसं ती चुकीची पावती घेऊन घरी गेली असतील, हा विचार अजून छळतो.

आमच्या वेळी हे खातं बहुतेक सरकारी बँकांतच मिळायचं, नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने बऱ्याच खासगी बँकांच्या शहरी आणि निमशहरी शाखांना पण परवानगी दिली आणि ऑनलाइन पैसे भरायची सोय केली. तुम्ही आता काढणार असाल तर तुमचं नशीब आमच्यापेक्षा बरं आहे. तरी शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, जूनमध्येच जा. आणि एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे बँकेत नुसतं कलम ५४ (घराच्या नफ्यावरच्या या सवलतीचं जुनं कलम) म्हणून उभं राहू नका, योजनेचं पूर्ण नाव सांगा.

माझी चूक सांगते. जास्त व्याज म्हणून मी ४४ च्या ४४ लाख बी मध्ये टाकले. २०२५ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) साडेसहावरून सव्वापाचवर आला, दर खाली येणार हे दिसत होतं, म्हणून जुना दर पकडून ठेवायचा असा विचार केला, तो चुकीचा नव्हता. पण फेब्रुवारी २०२६ मध्ये एक फ्लॅट आवडला, समोरच्याला १५ लाख लगेच हवे होते, आणि बी मधून थेट काढता येत नाही, आधी ए मध्ये वळवावं लागतं, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा दंड. पूर्ण एफडी मोडली. १५ लाखांसाठी ४४ लाखांचा चांगला दर गेला. दहा-पंधरा लाख आधीच ए मध्ये ठेवले असते तर हे झालं नसतं, नवरा तेव्हा म्हणाला होता थोडे मोकळे ठेवू, मी ऐकलं नाही.

त्यातून पुढची गंमत नाही, त्रासच. पैसे हातात मिळत नाहीत, पंचवीस हजारांवर असेल तर ज्याला द्यायचे त्याच्या नावाचा डीडी (डिमांड ड्राफ्ट) मिळाला, आणि काढलेले पैसे साठ दिवसांत वापरायचे, नाहीतर परत ए मध्ये भरायचे. विकणाऱ्याचं जुनं लोन बंद झाल्याचं पत्र काही केल्या येईना, आज येतं उद्या येतं करत बावन्न दिवस गेले, शेवटी आम्ही तो व्यवहार सोडला, डीडी रद्द केला आणि पैसे परत भरले. वाईट खूप वाटलं, सासूबाईंनी त्या घरात तुळस कुठे ठेवायची ते पण ठरवलं होतं. पण नंतर शांतपणे विचार केला तर डीडीच्या या नियमानेच वाचवलं. साध्या खात्यात पैसे असते तर मी भावनेच्या भरात फोनवरून ट्रान्सफर करून मोकळी झाले असते आणि मग मागत बसले असते. पुढच्या वेळी पैसे काढताना फॉर्म डी लागतो, त्यात आधीच्या पैशांचं काय केलं ते लिहायचं असतं, त्यामुळे रद्द डीडीची झेरॉक्स जपून ठेवलीय. हे खातं कर्जासाठी तारण पण ठेवता येत नाही, कोणी तसं सुचवलं तर सोडून द्या.

मोकळ्या ३८ लाखांचं थोडक्यात. वीस लाख दोन बँकांच्या एफडीत, चार-चार लाखांच्या पावत्या करून, म्हणजे एक मोडली तर बाकीच्या तशाच राहतात (इथे मात्र शहाणपण आलं होतं). दहा लाख लिक्विड फंडात (कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड), सात दिवसांनंतर एक्झिट लोड म्हणजे पैसे काढायचा आकार नाही, पैसे साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात, नफ्यावर आपल्या स्लॅबप्रमाणे टॅक्स. चांगला अनुभव, तक्रार नाही. बाकीचे स्वीप एफडीत (बचत खात्याला जोडलेली, लागेल तशी मोडणारी), टोकन आणि स्टॅम्प ड्युटीसाठी. शेअर किंवा इक्विटी फंडात एक रुपया नाही टाकला, भावाने खूप सांगितलं तरी. ५४ईसी बाँडचा पण विचार केला होता, आरईसी, पीएफसी वगैरे सरकारी कंपन्यांचे, टॅक्स त्याने पण वाचतो, पण पाच वर्षं अडकतात आणि मर्यादा ५० लाख, आम्हाला तर घर हवंय.

योजनेला मी पाचपैकी चार देईन, त्या पहिल्या शाखेला एक पण देणार नाही, दुसऱ्या शाखेतल्या मॅडमना पाच. एक गोष्ट कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, दोन वर्षं मोजायची ती घर विकल्याच्या तारखेपासून, खातं उघडल्याच्या नाही. आमची जानेवारी २०२७ ला संपतात, आणि राहिलेल्या पैशांवर नंतर टॅक्स लागतोच, शिवाय खातं बंद करायला फॉर्म जी वर आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सध्या एक तळमजल्याचा फ्लॅट बघितलाय, कागद वकिलांकडे दिलेत, यावेळी लोन बंद झाल्याचं पत्र आधी हातात घेतलंय आणि मगच मॅडमकडे फॉर्म डी मागायला जाणार आहे.