जुन्या सर्व्हरला नवे नेटवर्क कार्ड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीतील आमच्या करसल्लागार कार्यालयात २०१२ साली घेतलेला सर्व्हर आजही रोज वापरात आहे. त्यावर सेंटओएस ६ ही लिनक्स जातीची कार्यप्रणाली असून तिचा अधिकृत पाठिंबा ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपला. तरीही ती बदललेली नाही, कारण क्लायंटच्या जुन्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते पुढच्या आवृत्त्यांवर चालतच नाही. म्हणून सर्व्हरला इंटरनेटचा मार्ग बंद केला आहे. कार्यालयातील ११ संगणक आणि मिरजेच्या शाखेतील ४ संगणक एवढ्यांपुरताच तो आहे. गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि याचा मदरबोर्ड गेला.

त्याच जातीचा बोर्ड मिळणे शक्य नव्हते. वेगळ्या मॉडेलचा बोर्ड, त्याला चालणारा प्रोसेसर आणि मेमरी असा संच घेतला. जुन्या डिस्क जोडताच प्रणाली निमूट सुरू झाली, याचे मला आजही कौतुक वाटते. अडचण आली ती नव्या बोर्डावरच्या अंगभूत लॅन पोर्टची. प्रणालीच्या २.६.३२ या जुन्या कर्नलकडे (गाभ्याकडे) त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅमच नव्हता. उपकरणांच्या यादीत ती दिसत होती, पण नेटवर्कचा इंटरफेस म्हणून तिचे अस्तित्व शून्य. बाहेरून ड्रायव्हर आणून तो या कर्नलसाठी बांधत बसण्यापेक्षा, कर्नलमध्ये आधीपासून असलेल्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणारे एका पोर्टाचे गिगाबिट कार्ड स्लॉटमध्ये बसवले. हा अनुभव मुख्यतः त्या कार्डाचा आहे, आणि ते बसवल्यावर जे काही निस्तरावे लागले त्याचा.

कार्ड बसवले, केबल लावली, पोर्टचा हिरवा दिवा लागला, आणि तरीही एकाही संगणकावरून सर्व्हर सापडेना. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने तिथल्या तिथे निकाल दिला, "साहेब, कार्डच खराब आलंय, परत पाठवा." मला ते पटले नाही. दिवा लागतो म्हणजे कार्ड आणि स्विच (कार्यालयातील यंत्रांच्या केबली जोडणारी पेटी) यांच्यात विजेचा संकेत जुळला आहे, एवढे तरी निश्चित होते. पडद्यावर मात्र सुरुवातीलाच एक ओळ येऊन जात होती, तिचा आशय असा की ईथ-० (पहिल्या नेटवर्क पोर्टाचे नाव) हे उपकरण जागेवर दिसत नाही. कार्ड तर समोर होते. मग जागेवर नाही ते काय?

सेंटओएस ६ मध्ये यूडेव्ह ही उपकरणे ओळखणारी यंत्रणा प्रत्येक नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, ७०-पर्सिस्टंट-नेट या नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवते आणि त्या पत्त्याला एक नाव कायमचे बांधून देते. हेतू चांगला आहे, कारण दोन कार्डे असलेल्या यंत्रात प्रत्येक वेळी नावांची अदलाबदल होऊ नये. परंतु ईथ-० हे नाव जळालेल्या बोर्डाच्या पोर्टासाठी राखून ठेवलेले होते, आणि नवे कार्ड आले तेव्हा त्याला ईथ-१ हे पुढचे नाव मिळाले. आयपी पत्ता (नेटवर्कवर नेमून दिलेला पत्ता), गेटवे (बाहेरच्या वाटेचा पत्ता) वगैरे सगळी मांडणी मात्र ईथ-० च्या फाइलमध्ये, आणि त्या फाइलमध्येही जुना मॅक पत्ता लिहिलेला. म्हणजे घर बदलले तरी टपाल जुन्याच दारात पडत होते. नियमांच्या फाइलमधील जुनी ओळ काढून नव्या पत्त्याच्या ओळीत ईथ-० लिहिले, मांडणीच्या फाइलमध्ये नवा मॅक पत्ता घातला, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि सांगलीतील सगळे संगणक पाच मिनिटांत जोडले गेले. (पुढच्या आवृत्त्यांत नाव स्लॉटच्या जागेवरून ठरते, त्यामुळे कार्ड बदलल्यास ही अडचण सहसा येत नाही. स्लॉट बदलल्यास मात्र नवी येते.)

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी लागली. सांगलीत सर्व सुरळीत, आणि मिरजेहून फोन, "इथे काहीच उघडत नाही." मिरजेची शाखा व्हीपीएनवरून, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खासगी बोगद्यातून येते. बोगदा चालू होता, मिरजेहून सांगलीतील प्रिंटर आणि इतर संगणकांपर्यंत पोचता येत होते, केवळ सर्व्हरपर्यंत नाही. मी सर्व्हरचे फायरवॉलचे नियम दोनदा वाचले, तात्पुरते बंदही करून पाहिले. अर्धा दिवस गेल्यावर सर्व्हरवरच पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) पकडून पाहिली तेव्हा लक्षात आले की मिरजेची विनंती सर्व्हरपर्यंत येतच नाही. कार्यालयातील संगणक सर्व्हरशी थेट स्विचमधून बोलतात, राउटरचा त्यात संबंध नसतो. मिरजेची वाहतूक मात्र राउटर पोचवतो. त्या राउटरमध्ये कोणीतरी, बहुधा मीच, काही वर्षांपूर्वी सर्व्हरचा आयपी पत्ता त्याच्या मॅक पत्त्याशी हाताने बांधून ठेवला होता. राउटर इमानाने प्रत्येक पॅकेट जळालेल्या पोर्टाच्या पत्त्यावर पाठवत होता. आपोआप शिकलेली एआरपी नोंद (कोणता आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा ही जोडी) काही काळाने पुसली जाते, किंवा सर्व्हरवरून आरपिंग या आज्ञेने स्वतःचा पत्ता जाहीर केला तर ताजी होते. हाताने बांधलेली नोंद ऐकत नाही. ती बदलली आणि मिरज सुरू झाली.

वेगाची तक्रार जूनमध्ये पुढे आली. रात्रीची बॅकअप सुमारे तीन तास घेऊ लागली होती. इथटूल या आज्ञेने कार्डाला विचारले तर वेग १००० ऐवजी १०० मेगाबिट. आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने मोजला तर ९४ मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे १०० च्या जोडणीवर मिळायला हवा तेवढाच. गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली की काम चालू राहते आणि वेग गुपचूप घसरतो. केबल बदलली, फरक नाही. तीच केबल स्विचच्या दुसऱ्या पोर्टात घातली आणि लगेच १००० मिळाले. मे महिन्यातील विजेने मदरबोर्डाबरोबर स्विचचा तो पोर्टही अर्धा मारला होता, हे आम्ही महिनाभराने ओळखले. आता आयपर्फ ९४० च्या आसपास दाखवते आणि बॅकअप पाऊण तासात उरकते. त्यापुढे जुन्या डिस्कचाच वेग आडवा येतो.

कार्डाविषयी माझी एकच गंभीर तक्रार आहे. ऑगस्टमध्ये दोनदा भर दुपारी सर्व्हर दहा-पंधरा सेकंद गप्प झाला आणि आपोआप परत आला. प्रणालीच्या नोंदींमध्ये हार्डवेअर युनिट हँग (कार्ड अडकले) असा संदेश होता. पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसते त्या जोडणीची) एएसपीएम ही वीजबचत काही कार्डांना मानवत नाही आणि दुवा झोपेतून उठताना अडखळतो. ग्रब या प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या मांडणीत कर्नलच्या ओळीला एएसपीएम बंद करण्याचा पर्याय जोडला. त्यानंतरच्या सहा महिन्यांत तो संदेश एकदाही आलेला नाही. इथटूलच्या आकड्यांत सीआरसीच्या चुका (वाटेत बिघडलेली पॅकेट) शून्य आहेत. कायम चालू असणाऱ्या यंत्रात वीजबचतीचा फायदा तसाही नगण्यच होता.

दरम्यान एका स्नेह्याने सुचवले होते की एवढी यातायात करण्यापेक्षा मांडणीच्या फाइलमध्ये जुना मॅक पत्ताच नव्या कार्डाला चढवायचा, म्हणजे राउटरसह सगळ्यांना जुनाच सर्व्हर दिसेल. ते शक्य आहे आणि घाईत मोहही होतो. मी ते टाळले, कारण जळालेला बोर्ड दुरुस्त होऊन कधी याच नेटवर्कवर आला असता तर एकाच पत्त्याची दोन यंत्रे झाली असती आणि स्विचने पॅकेट कधी एकीकडे, कधी दुसरीकडे पाठवली असती. अशी चूक शोधणे मला मिरजेच्या प्रकरणापेक्षा अवघड गेले असते.

जुन्या पत्त्याची शेवटची आठवण सप्टेंबरमध्ये निघाली. नोंदींच्या त्या सॉफ्टवेअरचा परवाना मॅक पत्त्याला बांधलेला होता आणि पुनर्पडताळणीची मुदत तेव्हा आली. खरेदीचे बिल पाठवल्यावर नवी किल्ली मिळायला ९ दिवस लागले, तोवर दुसऱ्या तिमाहीच्या आगाऊ कराची आकडेमोड कागदावर झाली. किल्ली आली त्या दिवशी मी कार्डाचा मॅक पत्ता चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवला, आणि त्याखाली तो जिथे जिथे नोंदवला आहे त्या चार जागा.